अन्नाचा कस पाहणाऱ्या कमलाबाई

सोनेतारण कर्जाचा दिवस असला की आमच्या देवरीच्या शाखेत एक वृद्ध सोनार यायचे. पिशवीत छोटा तराजू, एक काळा कुळकुळीत दगड आणि तेजाबाची बाटली. दागिना ते दगडावर घासत, शेजारी आपल्याजवळच्या ठरावीक सोन्याची रेघ ओढत आणि दोन्ही रेघांवर तेजाबाचा थेंब सोडत. मग चष्मा कपाळावर सरकवून रंग बघत. कोणती रेघ किती विरली आणि कोणती टिकली, एवढ्यावरून ते सोन्याचा कस सांगत आणि त्या आकड्यावर मी कर्ज मंजूर करत असे. साल होते १९८६. माझे वय २६. अधिकारी म्हणून ही माझी पहिलीच नेमणूक.

देवरी तेव्हा भंडारा जिल्ह्यात होती. गोंदिया जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावे लागले. नागपूरहून रायपूरला जाणारा हमरस्ता गावातून जातो. रस्ता सोडला की धानाच्या बांध्या, बोड्या, मोहाची झाडे आणि पुढे जंगल. वस्ती बरीचशी गोंड समाजाची. धान विकून झाले की चुकाऱ्याचे पैसे काढायला बँकेत ही गर्दी व्हायची.

अशाच एका जानेवारीत चिचगडकडच्या एका खेड्यातला शेतकरी आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन आला होता. त्याने दोनदा येऊन मला विनवले, की साहेब, आमचे काम लवकर करा, पोराला अंधार पडल्यावर दिसत नाही. मला ती सबब वाटली. लवकर सुटण्यासाठी प्रत्येकाजवळ काहीतरी कारण असतेच, असे माझे तेव्हाचे तरुण आणि आखडू मत होते. मी त्याला रांगेत थांबायला सांगितले. त्याचा नंबर लागेपर्यंत सूर्य कलला. पैसे मोजून तो बाहेर निघाला, मागे त्याच्या धोतराचे टोक धरून पोरगा. पायरीवर त्याच्या हातून टोक सुटले आणि तो सरळ समोरच्या सायकलींच्या रांगेवर जाऊन आदळला. मला त्या सायकली स्पष्ट दिसत होत्या. संध्याकाळचा पुरेसा उजेड होता. त्या पोराला मात्र काहीच दिसत नव्हते.

कपाळाला खोक पडली होती. मीच त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी जखम बांधली, मग बॅटरी लावून डोळे पाहिले. बुबुळाच्या कडेला पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे छोटे ठिपके होते. घरी काय खाता, असे त्यांनी विचारले. भात, आंबील, लाखोळीची डाळ. तेल जेमतेम. दूध असेल तर विकायचे. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, पण ती जानेवारीत कुठून मिळणार? डॉक्टरांनी अ जीवनसत्त्वाचे औषध चमच्याने पाजले, दुसऱ्या दिवशीसाठी पुन्हा बोलावले आणि मला बाजूला घेऊन सांगितले, की हे रातांधळे आहे, बरे होईल. असेच राहिले असते तर डोळा गेला असता.

मी विचारले, शरीरात हे जीवनसत्त्व किती कमी झाले हे मोजता येते का? बँकवाल्याचा प्रश्न. ते म्हणाले, येते, पण इथे नाही. मोठ्या प्रयोगशाळेत रक्तापासून सुरुवात करून शेवटी एक निळा रंग आणतात आणि तो किती गडद आहे ते बघतात. मला आमचे सोनार आठवले.

पुढच्या आठवड्यात तो शेतकरी पुन्हा आला. संध्याकाळच झाली होती आणि पोरगा बँकेसमोरच्या मैदानात इतर मुलांबरोबर धावत होता. मला आनंद झाला आणि लाजही वाटली. तो निळा रंग मात्र डोक्यात राहिला. पुढे बदल्यांच्या गावी जिथे वाचनालय मिळाले तिथे मी त्याविषयी वाचत गेलो. १९९८ साली एका मृत्यूच्या बातमीने ते वाचन एका व्यक्तीशी येऊन जोडले गेले. ती व्यक्ती म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

मराठी वाचकाला त्यांची एक ओळख लगेच पटेल. त्या दुर्गा भागवतांच्या धाकट्या बहीण. दुर्गाबाई याच आपल्या मध्य भारतातल्या गोंडांचा अभ्यास करायला जंगलात हिंडल्या, तिथे विषारी कंदाची बाधा होऊन कित्येक वर्षे अंथरुणाला खिळल्या, आणि तरीही उठून लिहीत राहिल्या. त्यांचे ‘खमंग’ हे पुस्तक अनेक घरांत आहे. थोरलीने अन्नाची चव, रीत आणि गोष्ट सांगितली. धाकटीने त्याच अन्नात माणसाला जगवणारे काय आहे आणि किती आहे, हे मोजले. अन्नाचा कस, हा आपल्या भाषेतला जुना शब्द. धान्य कसदार असते, जमीन कसदार असते, आणि माणूसही कसाला लागतो. कमलाबाईंच्या आयुष्यात या शब्दाचे सगळे अर्थ एकत्र येतात.

कमला भागवत यांचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. त्यामुळे आपणही तिथेच जायचे, हे या मुलीच्या मनात लहानपणापासून असावे, यात नवल नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.च्या परीक्षेत रसायन आणि भौतिक हे विषय घेऊन ती गुणवत्ता यादीत पहिली आली. तिने बंगळूरला अर्ज पाठवला. इतके गुण असलेल्या विद्यार्थ्याला नकार मिळण्याचे कारण नव्हते. नकार आला.

संस्थेच्या संचालकपदावर त्याच वर्षी सर सी. व्ही. रामन आले होते. १९३० चे नोबेल मिळवलेला, साऱ्या देशाला अभिमान वाटावा असा माणूस. पण संस्थेत मुलींना घ्यायचे नाही, असे त्यांचे मत होते आणि अर्जदार मुलगी आहे एवढे कारण त्यांना पुरले. वडिलांनी आणि काकांनी विनंती करून पाहिली, उपयोग झाला नाही. मग कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या. गांधींचे दिवस होते. प्रवेश मिळेपर्यंत इथून हलणार नाही, असा त्यांनी सत्याग्रह मांडला आणि नकाराचे कारण विचारले. त्यांचे म्हणणे साधे होते. मला काम करू द्या, परीक्षा घ्या, मग ठरवा.

शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्षभर त्या नियमित विद्यार्थिनी समजल्या जाणार नाहीत. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-अपरात्रीसुद्धा, काम करावे लागेल. आणि आपल्या वावराने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडवायचे नाही. पहिल्या दोन अटी कोणत्याही होतकरू संशोधकाने मान्य केल्या असत्या. तिसरी अट अपमानाची होती. कमलाबाईंनी तिन्ही मान्य केल्या, कारण त्यांना काम हवे होते. पण तो सल गेला नाही. म्हातारपणी सत्काराच्या प्रसंगीही त्यांनी तो बोलून दाखवला. थोर माणूससुद्धा या बाबतीत किती लहान झाला, याचे दुःख त्यांना अखेरपर्यंत होते.

मला इथे बँकेचे टेबल आठवते. टेबलाच्या अलीकडे बसलेल्या माणसाला पलीकडच्याबद्दल सगळे आधीच माहीत असते. रामन यांच्यासारख्या, प्रकाशाचे किरण पारखण्यात आयुष्य घालवलेल्या शास्त्रज्ञाने एक मुलगी न पारखताच बाजूला ठेवली. मी तर साधा बँक अधिकारी. पण त्या जानेवारीत मीही तेच केले होते.

वर्ष संपले. मार्गदर्शक श्रीनिवासय्या कडक शिस्तीचे आणि विद्यार्थ्याला भरभरून शिकवणारे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, कडधान्ये आणि डाळी यांतल्या प्रथिनांवर काम केले. विषयाची ही निवड बघण्यासारखी आहे. देशातल्या बहुसंख्य लोकांना मांस-अंडी रोज मिळत नाहीत, त्यांचा भार डाळीवर, तेव्हा डाळीत काय आहे ते आधी पाहू. रामन यांनी वर्षाचे काम पाहिले, नियमित प्रवेश मान्य केला, आणि त्यानंतर संस्थेचे दार मुलींसाठी उघडले. १९३६ साली कमलाबाईंना विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. मिळाली. त्यांनी मागितली होती ती परीक्षा झाली होती आणि रंग टिकला होता.

१९३७ साली त्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेल्या, न्यूनहॅम कॉलेजात. तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स. नुसती प्रथिने, पिष्ट, चरबी आणि क्षार यांवर प्राणी वाढत नाही, अन्नात आणखी काहीतरी अगदी सूक्ष्म प्रमाणात लागते, हे १९१२ साली प्रयोगाने दाखवणारे ते शास्त्रज्ञ. त्या कामाला १९२९ चे नोबेल मिळाले. ‘जीवनसत्त्व’ हा शब्द आज आपण औषधाच्या दुकानात सहज उच्चारतो. त्याच्या घरातच कमलाबाई शिकायला गेल्या होत्या, असे म्हणायला हरकत नाही.

त्या गावात त्या काळी काय चालले होते, हे सांगण्यासाठी मला त्या निळ्या रंगाकडे वळले पाहिजे.

अ जीवनसत्त्वाचा शोध १९१३ च्या सुमारास अमेरिकेत लागला. पण एखाद्या पदार्थात ते किती आहे हे मोजायचे कसे? सुरुवातीला उपाय एकच होता. उंदरांना तो पदार्थ खाऊ घालायचा आणि त्यांची वाढ किती होते ते आठवडेच्या आठवडे वजन करून बघायचे. एका तेलाच्या एका नमुन्यासाठी दीड-दोन महिने! मग माशाच्या यकृताच्या तेलात काही रसायने घातली की निळा-जांभळा रंग येतो, हे लोकांच्या लक्षात येऊ लागले. १९२६ साली इंग्लंडमधल्या कार आणि प्राइस या दोघांनी त्यासाठी चांगले रसायन शोधले. अँटिमनी ट्रायक्लोराइड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचे आणि ते तेलाच्या नमुन्यात मिसळायचे. सुंदर निळा रंग येतो. जीवनसत्त्व जितके जास्त, तितका निळा गडद.

पण हा रंग मोठा चंचल. काही सेकंदांतच तो फिका पडू लागतो. मिसळले की लगेच वाचन घ्यायचे. शिंक आली तरी नमुना वाया. ओलाव्याचे वावडे इतके, की काचनळीत पाण्याचा अंश राहिला तर द्रव गढूळ होतो. रसायन दाहक, हाताला आणि काचेला त्रास देणारे. सुरुवातीला हा निळा रंग मोजायला रंगीत काचांच्या पट्ट्यांचे एक उपकरण वापरत. लोव्हिबाँड नावाच्या एका दारू गाळणाऱ्या गृहस्थाने ते आपल्या बिअरचा रंग तपासायला बनवले होते. नमुन्याचा रंग आणि काचेचा रंग शेजारी ठेवायचे आणि जुळेपर्यंत काचा बदलायच्या. आमच्या सोनारांच्या दोन रेघांचीच ही बहीण!

रक्ताचा नमुना असेल तर काम आणखी नाजूक. आधी अल्कोहोलने रक्तजलातली प्रथिने साकळवायची. मग हलक्या द्रावकात जीवनसत्त्व ओढून घ्यायचे. हा अर्क पिवळसर दिसतो, कारण त्यात भाजीपाल्यातून आलेले कॅरोटीनही असते. आधी त्या पिवळ्याचे माप घ्यायचे. मग द्रावक उडवून, उरलेला अंश क्लोरोफॉर्ममध्ये घेऊन, निळा रंग आणायचा. कॅरोटीनही थोडा निळा देते, तेव्हा तेवढा हिशेबातून वजा करायचा. माझ्यासारख्याला हे लगेच समजते. खात्यात दिसणारी सगळी रक्कम खातेदाराची नसते, काही वजावट करावी लागते.

या मापाने मोठमोठे उलगडे झाले. गाजर आणि हिरव्या पाल्यात अ जीवनसत्त्व म्हणून काही नसते, कॅरोटीन असते. मग ते खाऊन प्राण्यांची उणीव कशी भरते? १९३० साली केंब्रिजमध्येच टॉमस मूर यांनी उंदरांना कॅरोटीन खाऊ घातले आणि त्यांच्या यकृतात हा निळा रंग दाखवला. कॅरोटीनचे शरीरातच अ जीवनसत्त्व होते, हे त्यातून स्पष्ट झाले. १९३३ साली जॉर्ज वाल्ड या तरुणाने डोळ्याच्या पडद्यात तोच निळा रंग आणून दाखवला. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर एक जांभळट द्रव्य असते. उजेडाने ते विरते आणि अंधुक प्रकाशात दिसण्यासाठी ते पुन्हा तयार व्हावे लागते. ते तयार करायला अ जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर दिवस मावळला की डोळ्यांपुढचे जग नाहीसे होते. चिचगडकडच्या त्या पोराला सायकली का दिसल्या नाहीत, याचे उत्तर हे.

केंब्रिजमध्ये कमलाबाईंना काम करायला जागा कशी मिळाली, तीही गोष्ट गमतीची आहे. डेरेक रिक्टर यांनी आपले टेबल त्यांना दिवसा दिले. ते स्वतः रात्री काम करत. पुढे रॉबिन हिल यांच्याकडे त्या वनस्पतींवर काम करू लागल्या. तिथेही डोळा रंगावरच होता. प्राण्यांच्या पेशीत सायटोक्रोम नावाचे एक तांबूस द्रव्य असते. पेशीचा श्वास त्यावर चालतो. प्रकाशाचे सात रंग त्यातून पाहिले की ठरावीक जागी काळ्या पट्ट्या दिसतात, त्यावरून ते ओळखतात. कमलाबाई बटाट्यावर काम करत होत्या. त्या पांढऱ्या, बेरंग गरात त्यांना सायटोक्रोम सी सापडले आणि वनस्पतीच्या पेशींतही श्वासाची हीच यंत्रणा असते, हे त्यांनी मांडले. त्यांचा प्रबंध अवघा ४० पानांचा होता आणि काम पुरे झाले १४ महिन्यांत. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. केंब्रिजची विज्ञानातली ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. हजार पानांचे अहवाल लिहायची सवय असलेल्या आपल्या देशाने ते ४० पानांचे प्रकरण लक्षात ठेवावे.

परदेशात पुढचे रस्ते मोकळे होते. त्या १९३९ सालीच परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभाग सांभाळला आणि मग निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून गेल्या. या प्रयोगशाळेची सुरुवात १९१८ साली, एका खोलीत, रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी केली होती. भारतातल्या वेगवेगळ्या प्रांतांतले लोक काय खातात आणि त्याचा प्रकृतीवर काय परिणाम होतो, याचा पद्धतशीर शोध तिथे सुरू झाला. कमलाबाईंचे तिथले काम जीवनसत्त्वांवर होते. हीच संस्था १९५८ साली हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.

१९४७ साली त्यांचा विवाह झाला. पती माधवराव सोहोनी विमागणिताचे जाणकार. संसार मुंबईत होता म्हणून कमलाबाई मुंबईत आल्या. विज्ञान संस्थेत, म्हणजे तेव्हाच्या रॉयल इन्स्टिट्यूटमध्ये, जीवरसायनाचा नवा विभाग सुरू झाला होता. तिथे त्या प्राध्यापक झाल्या आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. बंगळूरला सोडलेला धागा त्यांनी पुन्हा उचलला. विषय सगळे आपल्या स्वयंपाकघरातले: डाळी, कडधान्ये, भाताचे पीठ, नीरा. कच्च्या कडधान्यांत प्रथिने पचू न देणारे घटक असतात आणि शिजवल्याने ते बहुतेक निकामी होतात, यावर त्यांच्या प्रयोगशाळेत काम झाले. आपली आई वाल-पावटे भिजवून, मोड आणून, नीट शिजवूनच का वाढत असे, याला प्रयोगशाळेतून मिळालेला हा दुजोरा. आरे दूध योजनेलाही त्यांचा सल्ला मिळत असे.

नीरेच्या कामाची सुरुवात राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून झाली. ताड-शिंदीचा रस पहाटे काढला आणि आंबू दिला नाही तर ती नीरा. ऊन चढले आणि रस आंबला की ताडी. या रसात त्यांना अ आणि क जीवनसत्त्वे आणि लोह आढळले; आटवून गूळ केला तरी त्यातले बरेच टिकते, असेही दिसले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर बायका यांच्या आहारात नीरा आणल्याने प्रकृती सुधारल्याचे नंतरच्या पाहण्यांत नोंदले गेले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मला यात मोल वाटते ते दृष्टीचे. गरिबाला बाटलीतले महागडे टॉनिक घ्या, असे सांगण्याआधी त्याच्या बांधावर उभ्या असलेल्या झाडात काय आहे, ते त्यांनी तपासले. शिंदी आमच्या देवरीकडेही आहे. आम्ही तिच्याकडे फार तर झाडूसाठी पाहिले.

अधिकाराची पदे त्यांना सहज मिळाली नाहीत. विज्ञान संस्थेच्या संचालकपदावर त्या अखेर बसल्या, पण त्याआधी काही वर्षे त्यांना थांबावे लागले. बाई होत्या म्हणून थांबावे लागले, असे त्यांचे चरित्र लिहिणारे सांगतात. १९३३ चा तो नकार पुरता संपला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

त्यांच्या आयुष्यातला मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग यापुढचा आहे. १९६६ साली मुंबईत ९ स्त्रियांनी मिळून ग्राहकांसाठी एक संस्था काढली: कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया. ग्राहक संरक्षण कायदा यायला अजून २० वर्षे होती. कमलाबाई या कामात मनापासून होत्या. १९८२-८३ साली त्या संस्थेच्या अध्यक्षही होत्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांसाठी लिहिले. भेसळ ओळखण्याच्या सोप्या चाचण्या घरोघरी पोचवणे हे या संस्थेचे काम. दुधात पिष्ट मिसळले आहे का? आयोडीनचा थेंब टाका, निळे झाले तर आहे. हळदीत मेटॅनिल यलो हा घातक रंग आहे का? पाण्यात कालवून तीव्र आम्लाचे काही थेंब टाका. गुलाबी-जांभळा रंग आला आणि आणखी पाणी घातल्यावरही तो टिकला तर आहे. केंब्रिजच्या प्रयोगशाळेतली रंगाची पारख अशी गिरगाव-दादरच्या ओट्यावर आली. ज्या विद्वान बाईने पेशीच्या श्वासावर प्रबंध लिहिला, तिला वाण्याकडून आणलेल्या हळदीबद्दल लिहिणे कमीपणाचे वाटले नाही. मला तर वाटते, दोन्ही तिच्या दृष्टीने एकाच कामाचे भाग होते. जे डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याच्यावाचून किंवा ज्याच्यामुळे माणसाचे नुकसान होते, ते दिसेल असे करणे.

उतारवयात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्यांचा दिल्लीत सन्मान केला. १९९८ साली त्या गेल्या. मी तेव्हा मुंबईच्या एका शाखेत होतो. बातमी लहानशी होती. तिच्यात दुर्गाबाईंचे नाव होते म्हणून नजर थांबली, आणि कुन्नूर आणि जीवनसत्त्वे हे शब्द वाचून देवरीची ती संध्याकाळ उभी राहिली. जिच्या कामाशी आपला कधी काळी इतक्या जवळून संबंध आला, ती बाई आपल्याच शहरात राहत होती आणि आपल्याला पत्ता नव्हता! २०२३ साली १८ जूनला गुगलने आपल्या पानावर त्यांचे चित्र लावले, तेव्हा माझ्या नातीने मला विचारले, की आजोबा, या कोण? हा लेख खरे म्हणजे तिच्यासाठी लिहायला घेतला.

अँटिमनीची ती निळी परीक्षा आता मागे पडली आहे. १९६० नंतर त्रास कमी देणारी दुसरी रसायने आली आणि आता द्रवाचे घटक वेगळे करून मोजणारी यंत्रे आहेत. पण रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे २० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी म्हणजे उणीव, ही सीमारेषा आजही वापरतात. अ जीवनसत्त्वाची कमतरता हा देशाचा प्रश्न आहे, हे पटल्यावर १९७० साली मुलांना त्याचे मोठे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर १ लाख एककांचा पहिला डोस, पुढे पाचव्या वर्षापर्यंत दर ६ महिन्यांनी २ लाखांचा, अशी त्याची पुढची रचना. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या देशव्यापी पोषण पाहणीत १ ते ४ वर्षांच्या सुमारे १८ टक्के मुलांत ही उणीव आढळली. डोळा जाण्याचे प्रमाण खूप घटले आहे, पण उणीव गेलेली नाही. आणि उपाय फार महाग नाही. हिरव्या पाल्याची भाजी, शेवग्याचा पाला, पिकलेली पपई, लाल भोपळा, आणि त्याबरोबर चमचाभर तेल. कारण हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थाबरोबरच अंगी लागते. कोरड्या भाजीने पोट भरते, कस अर्धाच मिळतो.

निवृत्तीनंतर मी देवरीतच घर केले. बायकोचे माहेर इकडचे, आणि मलाही हा भाग सोडवेना. तो पोरगा आता पंचेचाळिशीच्या पुढे गेला आहे. वडील गेले, बांध्या तोच करतो. शेतीची वीज बहुधा रात्रीच येते, तेव्हा तो रात्री उठून पाणी सोडायला जातो. गेल्या उन्हाळी धानाच्या वेळी बाजारात भेटला. कपाळावरची खूण अजून आहे. मी विचारले, की रात्रीचे बांधावरून चालताना त्रास होत नाही ना? तो हसला आणि म्हणाला, की बॅटरीसुद्धा लागत नाही, चांदणे असले की पुरते.

त्या संध्याकाळी मला त्याच्या बापाचे बोलणे सबब वाटले होते, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही. कमलाबाईंबद्दल मात्र सांगितले. पपई आणि तरोट्याची भाजी खाऊ घालतोस ना लेकरांना, असेही विचारले. तो म्हणाला, की अंगणात दोन झाडे लावली आहेत आणि पहिली पिकलेली पपई विकायची नाही, हा बायकोचा नियम आहे.